कृत्रिम सांध्याचं मटेरियल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांधा बदलायचं ठरलं की घरातलं कोणी ना कोणी सांगतंच, ‘डॉक्टर, पैशाकडे बघू नका, एकदम मजबूत मटेरियलचा टाका.’ मी कृत्रिम सांध्यांची झीज मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे ओळखीपाळखीतले असे प्रश्न माझ्याकडे येतात. पुन:पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. शस्त्रक्रिया करावी की नाही, कधी करावी, हा तुमच्या डॉक्टरांचा प्रांत. मी फक्त मटेरियलबद्दल बोलणार आहे.

कृत्रिम सांधा नेमका कशाचा असतो?

खुब्याच्या सांध्यात चार भाग असतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा, त्याच्या टोकावर बसणारा गोल बॉल, कमरेच्या हाडात बसवलेला धातूचा कप आणि त्या कपाच्या आतलं अस्तर, म्हणजे लायनर. दांडा आणि कप बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, बॉल कोबाल्ट-क्रोमचा किंवा सिरॅमिकचा आणि लायनर बहुतेक वेळा पॉलिइथिलीनचा. गुडघ्यात वरचा धातूचा भाग सहसा कोबाल्ट-क्रोमचा असतो, खालची थाळी टायटॅनियमची किंवा कोबाल्ट-क्रोमची, आणि दोहोंच्या मध्ये पॉलिइथिलीनचा तुकडा. ऑपरेशन थिएटरमध्ये त्याला नुसतं ‘पॉली’ म्हणतात.

म्हणजे प्लास्टिक? शरीराचा सगळा भार प्लास्टिकवर?

हो. आणि ते लवकर मोडेल ही भीती अनाठायी आहे. हे पॉलिइथिलीन बादलीच्या प्लास्टिकच्याच कुळातलं, पण त्याच्या रेणूंची साखळी फार लांब असते. रेणुभार वीस ते साठ लाखांच्या घरात. म्हणूनच ते चिवट असतं.

ते सांध्यात आलं कसं, याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इथले शल्यविशारद जॉन चार्नली १९५८ पासून खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरत होते. घर्षण कमीत कमी असलेला पदार्थ, मग सांध्याला याहून चांगलं काय, असा सरळ विचार. सुमारे ३०० शस्त्रक्रिया झाल्या. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून बॉल आत घुसू लागले आणि सांध्याभोवती टेफ्लॉनच्या भुकटीने चिडलेल्या ऊतींचे गोळे साचले. एकेक सांधा पुन्हा उघडायची वेळ आली. १९६२ मध्ये एक विक्रेता यंत्रमागांच्या गिअरसाठी वापरल्या जाणाऱ्या नव्या प्लास्टिकचा नमुना घेऊन आला. चार्नलींना त्यात काही राम वाटला नाही. ते परदेशी गेले असताना त्यांचे यंत्रतज्ज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो नमुना झीज मोजायच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजे, तितकं हे तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही झिजलं नव्हतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते पहिल्यांदा रुग्णाला बसवलं गेलं. चार्नलींनी या दोन्ही पदार्थांचे बारीक कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली, पॉलिइथिलीनच्या जागी काही झालं नाही.

घर्षण कमी म्हणजे झीज कमी, असं नसतं. हा धडा तेव्हापासूनचा, तरी दर पिढीत कोणीतरी तो नव्याने शिकतो.

सांधा मोडत नसेल, तर निकामी कशाने होतो?

दांडा मोडल्याच्या घटना घडतात, पण विरळा. सांधा उघडून बदलावा लागण्याची कारणं सहसा वेगळी असतात: संसर्ग, सांधा निखळणं, आणि हाडातली पकड सुटून सांधा ढिला होणं. या ढिला होण्याच्या मागे वर्षानुवर्षं बारीक भुकटी असायची, आणि मटेरियलवाल्यांचं निम्मं आयुष्य तिच्याशी झगडण्यात गेलं आहे.

एक हिशेब करू. बॉल २८ मिलिमीटर व्यासाचा आहे आणि जुन्या प्रकारचं लायनर वर्षाला ०.१ मिलिमीटर झिजतंय. ऐकायला काहीच नाही. पण वर्षाकाठी सुमारे ६० घनमिलिमीटर प्लास्टिक गेलं. माणूस एका पायावर वर्षाला साधारण दहा लाख पावलं टाकतो असं धरा आणि कण अर्ध्या मायक्रॉनचे धरा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्रत्येक पावलागणिक काही लाख कण सांध्यात सुटतात.

शरीरातल्या साफसफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, हे कण गिळतात. जंतू असता तर पचवला असता. पॉलिइथिलीन पचत नाही. मग त्या पेशी चिडून रासायनिक हाकाटी करतात, आणि त्या हाकाटीने जागी होतात हाड पोखरणारी ऑस्टिओक्लास्ट. इम्प्लांटभोवतीचं हाड आतून कुरतडलं जातं. पेशंटला बरीच वर्षं काही जाणवतही नाही. एक्स-रेवर काळे डाग दिसतात तेव्हा बरंच हाड गेलेलं असतं.

म्हणून ‘मजबूत’ या शब्दाबद्दल मी जरा साशंक असतो. आम्ही ज्याच्या मागे असतो ते मटेरियल कमी कण सोडणारं असतं, आणि सोडलेच तर शरीराला न खुपणारे.

हल्लीचं पॉलिइथिलीन वेगळं आहे म्हणतात. काय फरक?

मोठा फरक आहे, आणि माझ्या मते गेल्या तीस वर्षांत या क्षेत्रात झालेलं सगळ्यात उपयोगी काम हेच.

पॉलिइथिलीन म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब दोऱ्यांचा पुंजका समजा. खुबा एकाच रेषेत मागेपुढे सरकत नाही. तो फिरतो, तिरका घासतो. एका दिशेने घासलं की वरचे दोरे त्या दिशेला विंचरल्यासारखे सरळ होतात. मग आडवा घास आला की ते सुटून निघतात. सुरुवातीच्या काळात नमुने यंत्रावर फक्त सरळ रेषेत घासले जात, म्हणून झीज फसवी कमी दिसे.

उपाय निघाला तो दोऱ्यांना एकमेकांशी गाठी मारायचा. ५० ते १०० किलोग्रे इतका गॅमा किंवा इलेक्ट्रॉन किरणांचा मारा केला की साखळ्या तुटतात आणि आडव्या जोडल्या जातात. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हे क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीन बाजारात आलं आणि खुब्यातली झीज ८० ते ९० टक्क्यांनी खाली आली.

पण किरणांमुळे काही तुटकी टोकं जोडीदाराविना अडकून राहतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. पुढे त्यांची ऑक्सिजनशी गाठ पडली की प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होतं. हे नुसतं पुस्तकी नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत लायनर निर्जंतुक करण्यासाठी हवेतच गॅमा किरण देत, आणि मग ते खोक्यात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं पडून असे. अशा काळातला एक गुडघ्याचा पॉली मी हातात घेऊन पाहिला आहे. वरून नुसता पिवळसर पडलेला. आडवा कापला तर पृष्ठभागाच्या खाली मिलिमीटरभर अंतरावर पांढरीफटक पट्टी, खडूने ओढल्यासारखी. नखाने उकरली तर तिथे चुरा निघाला. वरचा पापुद्रा नेमका त्याच पट्टीवरून सुटला होता.

ही रॅडिकल मारायचे तीन मार्ग निघाले. एक, प्लास्टिक वितळेपर्यंत तापवणं; रॅडिकल जातात, पण स्फटिक कमी होऊन ताकदही थोडी जाते. दुसरा, वितळण्याच्या जरा अलीकडे थांबणं. ताकद राहते, काही रॅडिकलही राहतात. तिसरा मार्ग २००७ च्या सुमारास वापरात आला: प्लास्टिकमध्येच ई जीवनसत्त्व मुरवायचं. तेलं खवट होऊ नयेत म्हणून घालतात तेच.

मग किरणांचा डोस आणखी वाढवला तर झीज शून्य होईल?

झीज घटते, पण पदार्थ भेगांना भितो. खुब्यात बॉल आणि वाटी छान जुळलेले असतात, भार पसरतो. गुडघ्यात वक्र भाग जवळजवळ सपाट पृष्ठभागावर टेकतो, दाब छोट्याशा जागी एकवटतो आणि थकव्याने तडे जायची भीती जास्त. म्हणून गुडघ्यासाठी बऱ्याचदा कमी डोस देतात.

प्लास्टिकची कटकटच नको. धातूवर धातू का नाही बसवत?

बसवून झालं. त्याचा इतिहास फार बोलका आहे.

कोबाल्ट-क्रोमचा बॉल आणि कोबाल्ट-क्रोमचीच वाटी. यंत्रावर झीज नगण्य, लायनर पातळ चालत असल्याने बॉल मोठा ठेवता येई, आणि मोठा बॉल सहजी निखळत नाही. तरुण, धडधाकट पेशंटसाठी हेच उत्तर असं या शतकाच्या सुरुवातीला वाटत होतं. पण धातूचे कण पॉलिइथिलीनच्या कणांहून कितीतरी बारीक, नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे. एकूण झीज कमी असूनही कणांची संख्या प्रचंड, आणि ते विरघळून कोबाल्ट-क्रोमियमचे आयन रक्तात. काही पेशंटच्या सांध्याभोवती मऊ गाठी झाल्या, स्नायू खराब झाले. २०१० मध्ये अशा एका सांध्याचे जगभरात बसवलेले सुमारे ९३ हजार नग परत मागवल्याची घोषणा झाली.

यंत्राने आधी का सांगितलं नाही? कारण यंत्रात वाटी नेमकी हव्या त्या कोनात बसवलेली असते. माणसात ती थोडी उभी बसली की बॉल वाटीच्या कडेवर घासतो, मधला पातळ द्रवाचा थर फाटतो आणि झीज कैक पट होते. पॉलिइथिलीन अशी चूक बऱ्यापैकी पोटात घालतं. धातूने घातली नाही.

सिरॅमिक फुटतं का?

फुटू शकतं. पण आजच्या सिरॅमिकबद्दल ही भीती जुन्या आठवणींवर पोसलेली आहे.

फ्रान्समध्ये पिएर बूतां यांनी १९७० मध्ये अॅल्युमिना या सिरॅमिकचा सांधा पहिल्यांदा बसवला. ते अत्यंत कडक असतं, चरे पडत नाहीत, पाणी धरून ठेवतं, त्यामुळे झीज फारच कमी. उणीव एकच: धातूसारखं वाकून सांगत नाही, एकदम तडकतं. म्हणून झिर्कोनिया हे दुसरं सिरॅमिक आलं, ते अॅल्युमिनाहून चिवट. मात्र त्याची स्फटिकरचना अस्थिर असते आणि ओलाव्यात कालांतराने बदलू शकते. १९९८ मध्ये एका उत्पादकाने भट्टी बदलली. एकेक घाणा भाजण्याऐवजी सलग चालणारी बोगदा-भट्टी आणली. कच्चा माल तोच, आकार तोच. तरी त्या भट्टीतून निघालेल्या काही लॉटमधले बॉल एक-दोन वर्षांत फुटू लागले आणि २००१ मध्ये ते परत मागवावे लागले.

आज वापरतात ते दोहोंचं मिश्रण: बहुतांश अॅल्युमिना, त्यात झिर्कोनियाचे बारीक कण पेरलेले. भेग एखाद्या कणापाशी पोचली की तो कण रचना बदलून किंचित फुगतो आणि भेगेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतो. ज्या अस्थिरतेने आधी घात केला, तीच इथे कामाला लावली आहे. अशा बॉलच्या फुटण्याचं प्रमाण दहा हजारांत एखादा किंवा त्याहून कमी. सिरॅमिकवर सिरॅमिक असेल तर क्वचित चालताना कुरकुर ऐकू येते. आवाजाने सहसा धोका नसतो, पण चारचौघांत पेशंटला अवघडल्यासारखं होतं खरं.

टायटॅनियम सगळ्यात भारी ना? मग सगळा सांधाच त्याचा का नाही?

हाड टायटॅनियमला बिलगतं, म्हणून हाडात बसणाऱ्या भागांसाठी ते उत्तम. घासण्यासाठी मात्र कुचकामी. पृष्ठभाग मऊ, वरचा ऑक्साइडचा पापुद्रा खरवडला जातो आणि सांध्यात काळी राख साचते. टायटॅनियमचे बॉल एके काळी बसवले गेले आहेत. पुन्हा कोणी बसवत नाही.

हाडापेक्षा जास्त कडक असणं वाईट कसं काय?

हाड जिवंत असतं. भार मिळाला तर ते जाड होतं, नाही मिळाला तर विरळ होतं; यूलियस वोल्फ यांनी हे १८९२ मध्ये मांडलं. आता ताठरपणाचे आकडे पाहा: हाडाचं कठीण कवच १५ ते २० गिगापास्कल, टायटॅनियमची मिश्रधातू ११०, कोबाल्ट-क्रोम २०० च्या वर. असा दांडा हाडात ठोकला की भार दांडाच उचलतो. एका कर्त्या माणसाने सगळी कामं उरकली की बाकीच्यांची सवय जाते, तसं वरच्या बाजूचं हाड आळसावतं आणि विरळ होत जातं.

यावर सरळ तोड म्हणजे हाडाइतकाच लवचीक दांडा. सत्तरच्या दशकात युरोपात प्लास्टिकचं आवरण असलेले असे दांडे निघाले, नावच ‘आयसोइलॅस्टिक’. ते ढिले झाले. कारण दांडा लवचीक झाला की भार वरच्याच भागात हाडाकडे जातो, तिथे हाड आणि दांडा एकमेकांवर सरकू पाहतात. ही सरकासरक सुमारे ५० मायक्रॉनच्या आत राहिली तर हाड चिकटतं, १५० च्या पुढे गेली तर मध्ये नुसता तंतुमय पडदा तयार होतो. थोडक्यात, ताठ ठेवला तर हाड विरळ होतं, लवचीक केला तर पकड सुटते. निओबियम, टँटलम, झिर्कोनियम घातलेल्या नव्या टायटॅनियम मिश्रधातू ५५ ते ८० गिगापास्कलवर येतात, म्हणजे मधला रस्ता. मला तो पटतो, पण वरची कैची त्यांनाही चुकलेली नाही.

थ्रीडी प्रिंटिंगने काय साधलं?

सच्छिद्रपणा. टायटॅनियमची भुकटी थरावर थर वितळवून हाडासारखा जाळीदार पृष्ठभाग करता येतो, काही शे मायक्रॉनची छिद्रं ठेवता येतात आणि हाड त्यांत शिरतं. पूर्वी हेच धातूचे मणी चिकटवून किंवा हायड्रॉक्सिअपेटाइट या हाडातल्याच खनिजाचा लेप फवारून साधत. छिद्रांत अडकलेली न वितळलेली भुकटी नीट झाडून काढणं हे वाटतं त्याहून किचकट काम आहे, आणि जाळीची प्रत्येक काडी ही तडा जाण्याची एक संभाव्य जागा असते.

नवीन मटेरियल तपासतात कसं?

हिप सिम्युलेटर नावाच्या यंत्रावर. आयएसओ १४२४२ या मानकाप्रमाणे यंत्र सांध्याला चालण्याचा भार आणि हालचाल देतं, सेकंदाला एक पाऊल, एकूण पन्नास लाख. न थांबता चालवलं तरी दोन महिने लागतात, प्रत्यक्षात तीन.

सांधा बुडालेला असतो तो वासराच्या रक्ताच्या पातळ केलेल्या सीरममध्ये. पाण्यात चाचणी केली तर निकाल भलतेच येतात. प्रथिनं असल्याशिवाय घर्षण शरीरातल्यासारखं होत नाही. दर पाच लाख पावलांनी यंत्र थांबवून ते सीरम बदलायचं. सहा दिवस ३७ अंशांवर घुसळलेल्या सीरमचा वास काय असतो, ते न लिहिलेलंच बरं. मग लायनर धुवायचं, सुकवायचं आणि मिलिग्रॅमच्या अंशापर्यंत तोलायचं.

क्रॉसलिंक्ड लायनर पहिल्यांदा तोललं तेव्हा वजन घटायच्या ऐवजी वाढलेलं दिसलं. मला वाटलं, तराजू बिघडला. प्लास्टिकने द्रव शोषला होता आणि तो झिजलेल्या वजनापेक्षा जास्त होता! म्हणून शेजारी एक लायनर नुसतं भिजत ठेवतात, हालचाल न देता, आणि त्याचं वाढलेलं वजन हिशेबातून वजा करतात.

यंत्रात पास झालेलं शरीरात नापास का होतं?

कारण यंत्र अडखळत नाही. जर्मनीत बर्लिनला गेओर्ग बेर्गमान यांच्या गटाने सांध्यातच सेन्सर बसवून भार मोजले. चालताना खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, तोल जाऊन अडखळलं की आठ पटींच्याही वर. शिवाय सांधा हाडात पक्का करणाऱ्या सिमेंटचा किंवा हाडाचा कण मध्ये अडकतो, वाटी तिरकी बसते, माणूस तासभर मांडी घालून बसतो. सत्तरच्या दशकात कार्बनचे तंतू घालून पॉलिइथिलीन ‘मजबूत’ केलं होतं. कागदावर छान, गुडघ्यात तडे. नव्वदच्या दशकातलं हायलामर नावाचं सुधारित पॉलिइथिलीनही असंच गाजावाजा होऊन आलं आणि बऱ्याच जणांत भराभर झिजलं.

मला निकेलची अॅलर्जी आहे. चालेल का?

कोबाल्ट-क्रोममध्ये निकेल अल्प असतं, स्टेनलेस स्टीलमध्ये त्याहून बरंच जास्त. त्वचेवर खाज येणाऱ्या प्रत्येकाला सांध्यात त्रास होतोच असं नाही, तरी डॉक्टरांना आधी सांगा. सिरॅमिक बॉल, लेप दिलेले भाग किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम (वरचा थर सिरॅमिकसारखा केलेला धातू) हे पर्याय असतात.

जंतू चिकटणारच नाहीत असं मटेरियल का करत नाहीत?

हाडाच्या पेशींना आवडणारा पृष्ठभाग जंतूंनाही आवडतो, ही पंचाईत आहे. चांदीचे लेप आहेत, आयोडीनचे आहेत, सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे प्रतिजैविक घालण्याची पद्धत तर जुनीच. जंतू मारेल आणि हाडाच्या पेशींना धक्का लावणार नाही इतकी मात्रा वर्षानुवर्षं टिकवायची, हे अजून कोणालाही नीट जमलेलं नाही.

नव्या कल्पनांपैकी तुमची पसंती कशाला?

जपानमध्ये २०११ पासून वापरात असलेलं एक लायनर मला फार आवडतं. त्यावर पेशींच्या आवरणासारखा दिसणारा पाणी धरणारा पॉलिमर नॅनोमीटरच्या जाडीत उगवलेला असतो, नैसर्गिक कूर्चेची नक्कल. उलट हिऱ्यासारख्या कार्बनच्या लेपांबद्दल मी थंड आहे. प्रयोगशाळेत चमकतात, पण शरीरात काही वर्षांनी लेपाचे पापुद्रे सुटल्याचे अनुभव आहेत, आणि सुटलेला कठीण पापुद्रा सांध्यात पॉलिश पेपरचं काम करतो.

माझा सांधा किती वर्षं टिकेल?

२०१९ मध्ये देशपातळीवरच्या नोंदींची आकडेवारी एकत्र करून काढलेला अंदाज असा: २५ वर्षांनंतर बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के आणि पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के शाबूत. पण हे सांधे २५ वर्षांपूर्वीचे, तेव्हाच्या मटेरियलचे. आजचे याहून टिकावेत, असं झिजेचे आकडे पाहून म्हणता येतं. खात्रीने सांगायला तितकीच वर्षं जावी लागतील.

मला कोणता सांधा बसवलाय, हे कुठे कळेल?

प्रत्येक भागाच्या खोक्यात कॅटलॉग नंबर आणि लॉट नंबर छापलेले स्टिकर असतात. ते शस्त्रक्रियेच्या नोंदीवर चिकटवले जातात. त्याची प्रत मागून घ्या आणि फोटो काढून ठेवा. झिर्कोनियाच्या त्या प्रकरणात कोणाच्या खुब्यात जुन्या भट्टीतला बॉल आहे आणि कोणाच्या नव्या, हे ओळखायचं एकच साधन होतं: लॉट नंबर.